तीन नंबरची रेघ

सिस्टरनं आप्पांच्या छातीवरच्या वायरी एकेक करून सोडवल्या, गरम पाण्यात फडकं पिळलं आणि मला म्हणाली, "ताई, जरा कुशीवर धरा त्यांना." मी आप्पांचा खांदा धरून त्यांना माझ्याकडे वळवलं. उशाशी असलेल्या मॉनिटरवरची हिरवी रेघ सपाट झाली होती. वायरीच काढल्या म्हटल्यावर ती होणारच. सिस्टरनं आवाजही आधीच बंद करून ठेवला होता. पाठ पुसून, पावडर लावून, चादर बदलून होईपर्यंत ती रेघ तशीच आडवी पडून होती.

मध्येच बाहेरच्या काउंटरवर घंटा वाजायला लागली आणि तिथली दुसरी सिस्टर धावत आत आली. ती आमच्याकडे बघायलाही थांबली नाही. सरळ पाच नंबरच्या कॉटकडे गेली.

पाच नंबरला दशरथ नावाचा नेसरीकडचा तरुण होता. शेतातल्या खोपीत झोपला असताना त्याला मण्यार चावली होती. श्वासासाठी मशीन लावलेलं, डोळे मिटलेले. सिस्टरनं त्याची नाडी बघितली, उशाचा मॉनिटर बघितला आणि वैतागून म्हणाली, "काही नाही. वायर हलली असंल. दोन दिवस झाले, ह्या पाच नंबरचं असंच चाललंय."

मी आप्पांना धरून उभी होते. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. नवी चादर सरळ केली, आप्पांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि बाहेर आले.

ही सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजला आप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. दुकानातच, हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं असताना त्यांच्या छातीत कळ आली. दिवाळी तोंडावर होती. मी कोल्हापूरला एका कॉलेजात नेटवर्क सांभाळायची. फोन आला तशी निघाले आणि हॉस्पिटलात पोचले, तेव्हा आई आयसीयूच्या काचेच्या दारासमोर बाकावर बसलेली होती. त्यानंतर ती तिथून फारशी हललीच नाही.

त्या दारातून कॉटच्या खोलीबाहेरच्या काउंटरवरचा मोठा पडदा दिसायचा. पडद्यावर प्रत्येक कॉटचा एक चौकोन, चौकोनात नंबर आणि नंबरापुढे एक रेघ धावत असायची. आई पहिल्या दिवशी एकदा आत गेली होती. आप्पांच्या नाकातोंडातल्या नळ्या बघून तिला घेरी आली. तेव्हापासून आत मी जायची आणि आई बाहेरून तीन नंबरचा चौकोन बघत बसायची. डॉक्टर इनामदार रोज संध्याकाळी आम्हाला बाजूला घेऊन सांगायचे, "हृदयाचा बराच भाग निकामी झालाय. आम्ही प्रयत्न करतोय, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा." आई मान हलवायची, बाकावर येऊन बसायची आणि मला म्हणायची, "डॉक्टरला असं बोलावंच लागतं. उद्या काही झालं तर आपण बोल लावू म्हणून. पण पडदा कशाला खोटं दाखवील? बघ की, कशी शिस्तीत चाललीय."

आणि खरंच ती रेघ शिस्तीत चालायची. मलाही तिचा आधार वाटायचा, हे मी नाकारत नाही. आत आप्पांच्या उशाशी असताना मी मॉनिटरकडे बघायची नाही, त्यांच्या तोंडाकडे बघायची. रेघ बघायची ती बाहेर आल्यावर, आईच्या शेजारी बसून.

तर त्या दुपारी मी बाहेर आले. आईनं थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"आज चांगलं आहे बघ त्यांचं," ती म्हणाली. "तू आत होतीस ना, तेवढ्या वेळात एकदाही अडखळलं नाही. मी डोळा काढला नाही."

"मी आत होते तेव्हा?"

"व्हय की. सगळा वेळ बघत होते."

मी कप बाकावर ठेवला. सगळा वेळ. त्यातला कितीतरी वेळ आप्पांच्या अंगावर एकही वायर नव्हती.

मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि पडदा नीट बघितला. तीनच्या चौकोनात तीच जोमदार, सारख्या अंतरानं उसळणारी रेघ. पाचच्या चौकोनात एक दमलेली रेघ, दोन पावलं टाकून थबकणारी, मध्येच वेडीवाकडी होणारी. आणि आत सिस्टर काय म्हणाली होती ते मला आता ऐकू आलं. 

बाकाच्या दुसऱ्या टोकाला दशरथची आई, हिराबाई, बसायची. दोन दिवसांत तिची आणि आईची चांगली ओळख झाली होती. आई तिला घास खायला लावायची, आणि ती खायची नाही. तिला डॉक्टर सांगत होते, "विष उतरतंय, पोरगा वाचतोय, थोडा धीर धरा." पण तिला पाचचा चौकोन दिसत होता. "वाचतोय म्हणत्यात आणि ते बघा की कसं थांबतंय," असं ती आईला म्हणायची, आणि आई तिची पाठ चोळत राहायची.

मी दाराशी उभी असतानाच तिचा दीर जिना चढून आला. धिप्पाड, उन्हानं रापलेला माणूस, ज्ञानू त्याचं नाव.

"वैनी, जीप आणलीया. खाली हुबी हाय," तो म्हणाला. "डॉक्टरला सांगतो, सही घ्या आणि पोराला सोडा म्हणून. जायाचंच हाय तर आपल्या दारात जाऊ दे. हितं नळ्या खुपसून कशाला हाल?"

 हिराबाईनं खाली ठेवलेलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

मी डॉक्टरांच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेले.

इनामदार जेवत होते. मी काय सांगते ते ऐकताना त्यांचा हात डब्यावरच थांबला. "तू म्हणतेस, तीनचं पाचला दिसतंय आणि पाचचं तीनला?"

"आत कॉटजवळचे मॉनिटर बरोबर आहेत. बाहेरचा पडदा चुकतोय. हे दोन मॉनिटर मध्यंतरी काढले होते का?"

"दुरुस्तीला गेले होते. मागच्या आठवड्यात आले."

मग मला सगळं उमगलं. त्या प्रत्येक मॉनिटरच्या पोटात नेटवर्कचं एक कार्ड असतं आणि त्या कार्डाला एक पत्ता द्यावा लागतो. पत्ता म्हणजे नुसते आकडे, मध्ये टिंबं. बाहेरच्या पडद्याला माणूस कळत नाही, कॉट कळत नाही. या पत्त्यावरून जे येईल ते तीनच्या चौकोनात दाखवायचं, त्या पत्त्यावरून येईल ते पाचच्या, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. दुरुस्तीत पुसले गेलेले पत्ते कुणीतरी पुन्हा घातले होते आणि घालताना अदलाबदल झाली होती. शेवटचा एक आकडा इकडचा तिकडे. माझ्या कॉलेजात असं झालं तर एका वर्गाचा कागद दुसऱ्या वर्गाच्या प्रिंटरवर निघायचा, आणि आम्ही हसायचो.

इनामदार माझ्याबरोबर आत आले. आप्पांच्या छातीवरची एक वायर त्यांनी स्वतः सोडवली आणि मागे वळून काउंटरकडे बघितलं. पाचचा चौकोन लाल होऊन घंटा वाजायला लागली. त्यांनी वायर परत लावली. 

"मी त्या बाईला रोज सांगतोय, पोरगा वाचतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि माझाच पडदा मला खोटं पाडतोय."

मशीनं बघणारा त्यांचा माणूस सुट्टीवर होता, त्याचा फोन लागेना. कंपनीचा माणूस पुण्याहून उद्या येणार. तोवर पाचची घंटा वाजली की सिस्टर पाचकडे धावणार, आणि इकडे तीनला माणूस जाणार. असं ठेवून चालणारच नव्हतं.

"तुला येईल हे?" त्यांनी विचारलं. "मी शेजारी उभा राहतो."

"येईल. पण आधी आईला सांगते."

"नंतर सांगितलं तर? किंवा तेवढा वेळ तिला खाली कँटीनला पाठव."

"ती पडद्यासमोरच बसलीय, डॉक्टर. वर आल्यावर तिला दिसणारच. ते तिला माझ्याकडून कळू दे."

आईला मी जिन्याजवळच्या खिडकीपाशी नेलं. कसं सांगावं ते मला कळत नव्हतं. शेवटी जसं होतं तसंच सांगितलं. मशीनचे पत्ते चुकलेत, तीनला दिसतंय ते आप्पांचं नाही, दशरथचं आहे. आप्पांचं पाचला दिसतंय.

आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून पडद्याकडे. तिथून पाचचा चौकोन दिसत होता. ती रेघ थबकली. बऱ्याच वेळानं पुन्हा निघाली.

"तुला काय कळतंय?" ती एकदम म्हणाली. "तू काय डॉक्टर आहेस? कॉम्प्युटर नीट करणारी तू."

"आई, त्यांच्या अंगावरच्या वायरी काढल्या होत्या. तू म्हणालीस, एकदाही अडखळलं नाही."

 खिडकीचा गज तिनं घट्ट धरला होता.

"मग आता तू काय करणार?"

"पत्ते बदलून देणार. बरोबर दिसेल मग."

"उद्या कर." तिचा आवाज इतका लहान झाला, की मला वाकून ऐकावं लागलं. "आजचा दिवस राहू दे गं नंदा. एवढा आजचा दिवस. मला तेवढं बघत बसू दे."

 रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या आईनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मागितलं ते हे.

तिकडे बाकापाशी ज्ञानूचा आवाज चढला होता. सिस्टर त्याला समजावत होती. "तुम्ही सांगशिला हो, पण आमाला काय डोळं न्हाईत? ते बगा, ते बगा, परत थांबलं! हे काय वाचायचं लक्षान हाय?" हिराबाई उठून उभी राहिली होती. गाठोडं काखेत, पदर तोंडात, नजर पाचच्या चौकोनावर. ती दिराला म्हणाली, "चला भावजी. घरला नेऊया त्याला."

आईनं ते ऐकलं. तिनं हिराबाईकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. हिराबाई जिच्याकडे बघून रडत होती ती रेघ कुणाची, हे त्या बाकापाशी कुणालाच माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

तिनं गजावरचा हात काढला. "ते श्वासाचं मशीन काढलं तर मरंल की गं तो," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"जा. कर जा."

मी आत गेले. सिस्टरनं दुरुस्तीचा संकेतांक घालून आप्पांच्या मॉनिटरचा मेनू उघडून दिला. नेटवर्कच्या पानावर गेले, आणि पत्ता दिसला. शेवटी दशरथचा आकडा होता.

सरळ अदलाबदल करता येत नाही. एका पत्त्यावर एका वेळी दोन यंत्रं आली तर दोन्ही भांडत बसतात. एकाला आधी कुठल्यातरी तिसऱ्या, रिकाम्या पत्त्यावर न्यावं लागतं, मग दुसऱ्याला त्याच्या जागेवर बसवायचं आणि मग पहिल्याला परत आणायचं. मी आप्पांच्या कार्डाला कुणाचाच नसलेला एक पत्ता दिला. बाहेर पाचचा चौकोन काळा झाला, 'संपर्क नाही' असं आलं. मग दशरथच्या कॉटकडे गेले आणि त्याच्या मॉनिटरला पाचचा पत्ता दिला. यंत्रानं तो घ्यायला वेळ लावला. आता बाहेर तीनचा चौकोन काळा पडला होता. त्या मधल्या वेळात माझे आप्पा त्या पडद्यावर कुठल्याच चौकोनात नव्हते. कॉटवर मात्र होते, छाती वरखाली होत होती. मी परत त्यांच्याजवळ आले. बोट बटणावर ठेवलं, आणि ते दाबायला मला फार जड गेलं.

"घाई नाही," इनामदार म्हणाले.

मी बटण दाबलं.

बाहेर येऊन बघितलं. पाचच्या चौकोनात ती जोमदार रेघ उसळत होती. ज्ञानू तोंड उघडं ठेवून बघत होता. डॉक्टर त्याला काय चुकलं होतं ते सांगत होते. चूक आमची, पोराची नाही, असं ते तीनतीनदा म्हणाले. हिराबाईला ते पत्त्याचं वगैरे काही समजलं नसावं. ती घाबरून सगळ्यांची तोंडं बघत होती. हे खरं म्हणून धरावं की मघाचं, हे तिला कळत नव्हतं.

मग आई तिच्याजवळ गेली. तिनं हिराबाईच्या काखेतलं गाठोडं काढून बाकावर ठेवलं.

"हे तुझ्या पोराचं आहे," तिनं पाचकडे बोट केलं. "मी दोन दिवस बघतोय ह्याला. माझ्या माणसाचं म्हणून बघत होतो. एकदा सुद्धा चुकलं नाही बाई. चांगलं आहे काळीज तुझ्या पोराचं. नेऊ नको त्याला."

आमच्याकडच्या जुन्या बायका अशा 'बघतो, करतो' म्हणतात. आई शाळा शिकलेली, माझ्यापुढे ती तसं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

हिराबाई तिच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून आईची नजर तीनच्या चौकोनाकडे गेली. तिनं ते एकदाच, पूर्ण बघितलं. मग डोळे तिकडून काढले आणि इनामदारांना म्हणाली, "मला आत जायचंय."

तिला टोपी घातली, अंगावर हिरवा झगा चढवला. तिला घेरी येईल म्हणून मी मागे उभी राहिले. पण तिला काही झालं नाही. स्टूल ओढून ती आप्पांच्या कानाशी बसली आणि नेहमीच्या, घरातल्या आवाजात बोलायला लागली.

"अहो, भडगावच्या पाटलांची मोटर तुमची वेढून झाली होती ना, ती न्यायला ते आले होते. आपल्या भावोजींनी दुकान उघडून देऊन टाकली. पाणी सुरू झालं म्हणून निरोप आलाय. दुकानात आता कुणाचं काही राहिलेलं नाही. नंदा आलीय. तिला सुट्टी आहे."

थोडं थांबून ती पुढे झुकली आणि आणखी काही बोलली. ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आप्पांचे डोळे मिटलेलेच होते. पण तिच्या हातात असलेली त्यांची बोटं मी हलताना बघितली. इनामदारांनी नंतर मला सांगितलं, की असं आपोआपही होतं. मी आईला ते सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी इनामदारांनी आईला आत बसायची परवानगी दिली. नियमात ते बसत नव्हतं. बाहेरच्या बाकावर ज्ञानू पाय पसरून झोपला होता आणि हिराबाई भाकरीचा तुकडा मोडून हळूहळू खात होती. मला बघून तिनं अर्धी भाकरी पुढे केली. मी तिच्या शेजारी बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, दुपार व्हायच्या आत, आप्पा गेले. मी पायाशी उभी होते आणि आई उशाशी बसलेली होती. तिचा एक हात त्यांच्या कपाळावर आणि दुसरा मनगटावर होता. आदल्या दिवसापासून तिनं मॉनिटरकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी बघत होते. रेघ थबकली. मी वाट बघितली. थबकायची तिला सवयच होती, थोड्या वेळानं निघेल असं मला वाटलं, आणि ती एकदा निघालीही, अगदी बारीकशी.

"गेले," आई म्हणाली.

"नाही आई, थांब, अजून..."

"गेले गं," ती म्हणाली, आणि त्यांच्या अंगावरची चादर तिनं गळ्यापर्यंत नीट ओढली. सिस्टर अजून दारातून आत यायची होती. रेघ आडवी झाली ती त्यानंतर.